मेडिकल हुकलं म्हणून लॅब सायन्सला अर्ज करतोय, मुलाखतीत हे खरं सांगू का?

तुम्ही लिहिलंय, "मार्क मध्यम आहेत, मेडिकल मिळालं नाही, म्हणून मेडिकल लॅब सायन्स हा दुसरा पर्याय." हे वाचून गप्प बसवेना. माझे दाजी डॉक्टर आहेत. मी या कोर्सचा अर्ज भरत होतो तेव्हा घरात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आकडे मशीन काढतं. बटण दाबायला कोर्स कशाला?" तेव्हापासून या विषयावर आमचं जमलेलं नाही. उत्तरात राग दिसला तर तो त्यांच्यावरचा आहे, तुमच्यावरचा नाही.

मेडिकल हुकलं हे सांगायला हरकत नाही. पण "पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करीन" असं तोंडातून गेलं की विषय संपला. या कोर्सच्या जागा वर्गातल्या बाकांवरून ठरत नाहीत. पुढे प्रत्येकाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बेंचवर उभं राहून शिकायचं असतं, आणि चालू कामातून वेळ काढून शिकवणारी माणसं मोजकीच असतात. तुम्ही मधेच सोडून गेलात की ती जागा बहुधा रिकामीच जाते. त्यामुळे पॅनेलला तुमच्या हुशारीपेक्षा तुम्ही टिकाल का याची जास्त काळजी.

मग सांगायचं काय? स्वतः बघितलेलं. अर्जाच्या आधी एखाद्या लॅबची परवानगी काढा आणि नुसते बघत उभे राहा. मी एका हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री विभागात असाच उभा होतो. एका पेशंटचं पोटॅशियम 9 च्या वर आलं. नॉर्मल साधारण 3.5 ते 5. नऊ म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं. मी घाबरलो. तिथल्या सीनिअर बाई घाबरल्या नाहीत, त्यांची नजर कॅल्शियमवर गेली. ते जवळजवळ नव्हतंच. अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइमही तळाला. मग ट्यूब उजेडात धरली. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव, स्वच्छ पिवळं, लालसर झाक नाही, म्हणजे पेशी फुटलेल्या नाहीत. "जांभळ्यातलं ओतलंय कुणीतरी," एवढंच म्हणाल्या.

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून त्या ट्यूबमधलं रक्त गोठत नाही. सीरमच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं आणि कुणी जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं, की पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली. (रक्त घेताना जांभळी ट्यूब सीरमच्या ट्यूबनंतर भरायची असते, तेही याचसाठी.) वॉर्डातून फोन आला, रिपोर्ट का अडवलाय? बाईंनी दुसरा नमुना मागितला आणि पहिला नाकारल्याची नोंद लिहिली. पलीकडचा आवाज चढत गेला, बाईंचा नाही. दुसऱ्या नमुन्यात पोटॅशियम अगदी नॉर्मल. पहिल्या आकड्यावर उपचार झाले असते तर धडधाकट पोटॅशियम औषधांनी खाली ओढलं गेलं असतं, आणि तेही हृदयाला तितकंच वाईट.

आणि मशीन? मशीन बरोबरच होतं. ट्यूबमध्ये जे होतं तेच त्याने मोजलं. दाजींना हे मी कितीदा तरी ऐकवलंय.

मुलाखतीत मी हेच सांगितलं. पॅनेलमधल्या एका सरांनी लगेच खोदलं, "सीरम लाल असतं तर?" म्हटलं, तांबड्या पेशी फुटल्या असणार, त्यांच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट पोटॅशियम असतं. "आणि डॉक्टर म्हणाले, आहे तोच आकडा पाठवा?" म्हटलं, वरिष्ठांकडे नेईन, पण तो आकडा माझ्या हातून जाणार नाही. मार्कांचा विषय त्यानंतर निघालाच नाही.

अर्जात "मला रुग्णांची सेवा करायची आहे" लिहू नका. रुग्ण तुम्हाला फारसे दिसणारच नाहीत, ट्यूबा दिसतील. "70 टक्के वैद्यकीय निर्णय लॅबवर अवलंबून असतात" हेही नको. ते वाक्य सगळे लिहितात, आणि त्यामागे ठोस अभ्यास नाही.

मागे दाजींच्याच एका पेशंटचे प्लेटलेट्स मशीनने धोक्याइतके कमी दाखवले. मी स्लाइड बघितली तर कडेला प्लेटलेट्सचे पुंजके. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळे असं होतं, आणि मशीनला ते पुंजके प्लेटलेट्स म्हणून मोजता येत नाहीत. सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन, असलेल्या ट्यूबमध्ये नमुना घेतल्यावर आकडा ठीक आला. दाजी फोनवर "बरं" म्हणाले. एवढ्यावर माझं समाधान झालंय असं नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. नियम जागोजागी वेगळे असतात. काही ठिकाणी मुलाखतच नसते, निव्वळ गुणवत्ता यादी लागते. तिथे माझं निम्मं उत्तर वाया गेलं असं समजा. कोर्सला मान्यता आहे का आणि तो केल्यावर नोंदणी किंवा परवाना मिळतो का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा. रंग ओळखायला त्रास होत असेल तर तेही आधीच विचारून घ्या, काही संस्था तपासणी करतात. ग्रामने 1884 मध्ये प्रसिद्ध केलेली जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत आजही रोज वापरात आहे, आणि त्यात जांभळा की लाल यावर सगळं ठरतं. रात्रपाळी असते. मशीनने बरंचसं रोजचं काम खाल्लंय हेही खरं, आणि सीरमची लाली आता तेच मोजून सांगतं. दाजींना इतपत कबूल करतो, यापुढे नाही.

मार्कांचं राहिलंच. पुष्कळ ठिकाणी एकूण टक्क्यांबरोबर रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे मार्क वेगळे बघतात. रसायनशास्त्र कच्चं असेल तर तेवढा एक विषय पुन्हा देता येतो का ते विचारा. बाकी विषयांची टक्केवारी वाढवत बसू नका.