आधी बस, मग कॅमेरा उचल

प्रिय,

पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांचे तुझे फोटो पाहिले. फोकस नेमका, प्रकाश कोवळा, आणि तरी तू विचारतेस, "काहीतरी कमी पडतंय, आता सहाशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेऊ का?" घेऊ नकोस. सागरी इग्वाना असो की निळ्या पायांचा बूबी हा समुद्रपक्षी, तुझ्या प्रत्येक फ्रेममधला प्राणी तुझ्याकडे बघतोय. तू आलीस म्हणून त्याचं चाललेलं काम थांबलं आणि नेमकं ते थांबणंच तू टिपलंस. लांबची लेन्स तेच थांबणं मोठं करून दाखवेल, एवढंच.

आधी बस. तो पुन्हा आपल्या कामाला लागेपर्यंत कॅमेरा उचलू नकोस. बाकी सगळं यानंतर.

अशा बेटांवरचे प्राणी पळत नाहीत, इथेच माणूस फसतो. जमिनीवरून येणाऱ्या मोठ्या शिकाऱ्यांशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या गाठच पडली नाही, म्हणून ते पळत नाहीत. आपण समजतो, चालतंय त्याला. बूबी अंड्यावरून हलत नाही, कारण हलला तर अंडं थेट उन्हात पडतं. इतर पक्ष्यांसारखी पोटाशी उबवणीची उघडी त्वचा त्याला नसते. तो पायांच्या पडद्यांनीच अंडं उबवतो. काटक्यांचं घरटंही नसतं, जमिनीवर विष्ठेचं पांढरं कडं असतं. तुझ्या फोटोत ते कडं खालच्या बाजूने कापलं गेलंय. बसली असतीस तर दिसलं असतं. दोन मीटरचं अंतर आणि फ्लॅश बंद, हे तू पाळलंस यात मला शंका नाही, त्यावर बोलत नाही.

इग्वानाचं बघ. समुद्रात उतरून शेवाळ खाणारा जगातला हा एकमेव सरडा. थंड पाण्यातून वर आला की काळ्या लाव्हावर पोट टेकून पसरतो, कारण अंग तापल्याशिवाय त्याला धड हालचाल करता येत नाही. ऊन चढलं की तोच छाती उचलून सूर्याकडे तोंड करतो, म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडतं. मधेच नाकातून खारट फवारा उडवतो. शेवाळाबरोबर गिळलेलं जादा मीठ तो असं बाहेर टाकतो. त्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी म्हणजे तेच वाळलेलं मीठ. हा फवारा हवा असेल तर सूर्य त्याच्या मागे येईल असं बस, मागे काळा खडक ठेव आणि एक्स्पोजर एक स्टॉप खाली आण, म्हणजे प्रकाश निम्मा घे. नाहीतर कॅमेरा काळ्याला राखाडी करून टाकेल. आणि मग थांब. तुझ्या धक्क्याने तो उठून गेला, तर तापवलेलं अंग वाया गेलं. एल निन्योच्या वर्षी समुद्र तापून शेवाळ आटतं तेव्हा या प्राण्यांची लांबीसुद्धा कमी होते, हाडांसकट. एवढ्या काटकसरीत जगणाऱ्याला तू उगाच उठवणार?

तू म्हणशील, गाइडला सोडून थांबता येत नाही, गट पुढे जातो. माहीत आहे मला! मग उतरण्याआधीच बोटीवर गाइडशी बोल, एक प्राणी ठरव आणि मिळतील ती दहा मिनिटं त्याच्यापाशीच पायवाटेच्या कडेला बसून काढ. यादी पुरी करायला इतर लोक आहेत.

याची किंमत मी मोजलीय. तिथल्याच एस्पान्योला बेटावर गाइडने विचारलं तेव्हा मी लालसर-हिरव्या इग्वानांपाशी थांबायचं म्हणालो. अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या जोड्या चोची आपटत नाचत होत्या. त्यांच्यासाठी वेळ उरला नाही. लाटांसारख्या रेघा अंगावर असलेला तो अल्बट्रॉस जवळजवळ सगळा त्या एकाच बेटावर विणीला येतो, आणि माझ्याकडे त्याचा धड फोटो नाही. खंत आहे, ती जाणारही नाही. पण त्या सकाळी दोन नर डोक्याला डोकं भिडवून एकमेकांना रेटत होते, आणि एकाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. एका संपादकाने तो फोटो परत केला, "नजर मिळत नाही" म्हणून. नजर मिळू नये यासाठीच तर मी बसलो होतो! पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच निवडेन, आणि हे मी केवळ स्वतःची समजूत घालायला म्हणत नाही.

निघण्याआधी बॅगेचे कप्पे, वेल्क्रो, ट्रायपॉडचे पाय आणि बुटांचे तळवे घासून साफ कर. पॅसिफिकमधल्याच ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर बहुधा मालवाहतुकीतून तपकिरी वृक्षसर्प पोचला आणि त्याने तिथल्या रानातले बहुतेक स्थानिक पक्षी संपवले. तुझ्या बॅगेतून साप जाणार नाही, पण बी जाईल, मुंगी जाईल.

पुढच्या वेळी निवडक फोटो पाठवू नकोस. एकाच प्राण्यापाशी बसून काढलेले सगळे पाठव, क्रमाने, फसलेलेसुद्धा. तो तुला विसरला ती फ्रेम कोणती, ते आपण मिळून शोधू. आणि लेन्सचे पैसे जपून ठेव, त्याच बेटावर पुन्हा जायला लागतील.

तुझा,
काका