अष्टपैलूतले आठ पैलू कोणते?

सोलापुरातून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. आजीच्या हिऱ्याच्या कुड्या त्यांनी सराफांना दाखवल्या. सराफ म्हणाले, ‘हे हाताने पाडलेले पैलू आहेत, जुना काट (पैलू पाडण्याची जुनी पद्धत) आहे, मोडीत घालू नका.’ ताई विचारतात: पैलू हा शब्द आपण माणसांना आणि प्रश्नांना लावतो, मग हिऱ्याचा पैलू म्हणजे नेमके काय? आणि अष्टपैलूमध्ये आठच का, सहा किंवा दहा का नाहीत?

‘पैलू’ फारसीतून आला. तिथे ‘पहलू’ म्हणजे कूस, शरीराची बाजू. संस्कृतात पर्शु म्हणजे बरगडी आणि पार्श्व म्हणजे बाजू. फारसी शब्द याच घराण्यातला, दूरचा भाऊ. मराठीत त्याचा पहिला, हातात धरता येईल असा अर्थ म्हणजे रत्न घासून केलेली सपाट बाजू. ‘व्यक्तिमत्त्वाचा पैलू’ त्यावरूनच निघाला.

त्याच्याबरोबर येणारे क्रियापदही नीट पाहावे. आपण पैलू ‘पाडतो’. भोक पाडतो, खाच पाडतो, खिंडार पाडतो, फोडी पाडतो. भरीव वस्तूतले काही काढून टाकले किंवा ती तोडली की मराठी ‘पाडणे’ वापरते. पैलू पाडणे म्हणजे हिऱ्याला काही चढवणे नव्हे, त्याचे वजन घालवणे. ‘मुलांच्या गुणांना पैलू पाडले’ या वाक्यातही घासून काढणेच अभिप्रेत असते, हे लक्षात आले की त्या वाक्याला धार येते.

व्याकरण थोडक्यात: पैलू पुल्लिंगी. हा पैलू, हे पैलू, पैलूला, पैलूंचा. ‘ही पैलू’ चूक. नाण्याला बाजू असतात, पैलू नव्हेत. आणि कंगोरा वेगळा. मूळ कंगोरे तटाच्या माथ्यावरचे, म्हणजे बाहेर आलेले टोक. पैलू सपाट, कंगोरा उंचावलेला. प्रश्न टोचत असेल तर त्याला कंगोरे म्हणावे, तो निरनिराळ्या बाजूंनी पाहायचा असेल तर पैलू.

आता आठ. खाणीतून निघालेला चांगला हिरा पुष्कळदा दोन चौकोनी पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखा असतो. रत्नपरीक्षेवरचे संस्कृत ग्रंथ उत्तम हिऱ्याची खूण सांगतात: कोटी सहा, पार्श्वे आठ, धारा बारा. कागदाचा तसा आकार करून मोजून पाहा, टोके सहा, बाजू आठ, कडा बारा, अगदी बरोबर. त्या ग्रंथांतले पार्श्व म्हणजेच आपला पैलू. हात लागण्याआधीच हिरा अष्टपैलू असतो.

कारागिराचा हात लागल्यावरही आठ सुटत नाही. सुरतेच्या हिरे कारखान्यांत मथाळे (वरचा भाग), तळिया (खालचा भाग) आणि आठपेल ही कामांची नावे रोज तोंडात असतात. गुजराती पेल किंवा पहेल म्हणजे आपला पैलूच; आठपेल म्हणजे मुख्य आठ पैलू पाडण्याचे काम. बाकीचे पैलू त्या आठांच्या आधाराने बसतात. आजच्या गोल हिऱ्यात वर सपाट टेबल 1, ताऱ्याचे 8, मुख्य 8, कमरेलगतचे (कंबर म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती कड) 16, एकूण 33. खाली मुख्य 8, कमरेलगतचे 16 आणि टोक घासून केलेला बारीक पैलू 1, एकूण 25. दोन्ही मिळून 58. टोकाचा पैलू नसेल तर 57. अगदी बारीक हिऱ्याला टेबल, वर 8 आणि खाली 8 असे 17 पैलूच पुरतात. शब्द पहिल्यांदा उच्चारणाऱ्याच्या मनात काय होते यावर पैज लावू नये, पण आठ हा आकडा हिऱ्याच्या अंगचाच आहे. अष्टपैलू म्हणजे नुसते ‘बऱ्याच गोष्टी येणारा’ असे समजले तर शब्दाची ही घडण हातून निसटते.

‘हाताने पाडलेले’ हे सराफांनी कौतुकाने म्हटले, त्याला कारण आहे. हिऱ्याला लाकडासारखी रेषा असते. एका दिशेने तो घासला जातो, दुसऱ्या दिशेने सराणच (घासण्याची फिरती चकती) झिजते. गंमत म्हणजे निसर्गाने दिलेल्या त्या आठ बाजू सर्वांत कठीण. त्यांच्या अगदी समांतर घासायला गेले तर काम पुढे सरकत नाही. म्हणून कारागीर पातळी काही अंश कलती धरतो. लोखंडी सराणेवर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड, वर दाबून धरलेला हिरा, आणि दर थोड्या वेळाने उचलून भिंगातून पाहणे. सारे डोळ्याच्या अंदाजाने. त्यात पूर्वीचा कारागीर वजन वाचवायला बघे, म्हणून कच्च्या हिऱ्याचा जो घाट असेल तोच बराचसा राहू देई. एक पैलू रुंद, शेजारचा अरुंद, कंबर कुठे जाड तर कुठे पातळ, हे त्यामुळे. उलट पद्धतीने किती वजन जाते ते कोहिनूरवरून कळते. 1852 मध्ये लंडनला त्याचा काट बदलला आणि आजच्या मापाने सुमारे 191 कॅरेटचा हिरा 105.6 कॅरेटवर आला.

कुडीत सहसा सात हिरे असतात, मधे एक आणि भोवती सहा. दहापट भिंगातून मधल्या हिऱ्याकडे सरळ वरून पाहा. मधोमध छोटे वर्तुळ, जणू भोक, दिसले तर ते खालचे टोक सपाट घासलेले आहे. जुन्या काटाची ही मोठी खूण. टेबल लहान, मथाळे उंच, तळ खोल, आणि बाहेरची रेघ गोल नसून गोलसर चौकोनी असेल तर तो ‘ओल्ड माइन’. हे नाव खाणींवरून पडले. 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले, तेव्हा भारत आणि ब्राझीलच्या खाणी ‘जुन्या’ ठरल्या. पुढे 1870 च्या दशकात कंबर गोल करणारी यंत्रे आली. तेव्हापासूनचा गोल जुना काट तो ‘ओल्ड युरोपियन’. खाली तळच नाही, पाठ सपाट आणि वर घुमटावर त्रिकोणी पैलू, तो ‘रोझ कट’. आणि पैलू जवळजवळ नाहीतच, नुसता चपटा तुकडा चकचकीत केलेला, ती पोलकी. पोलकीला कोणी ‘कच्चा हिरा’ म्हणतात. ते मला पटत नाही. तीही चिरलेली आणि घासलेली असते.

कुडीतल्या सात हिऱ्यांचे घाट थोडे थोडे वेगळे दिसले तर दचकू नका. सातही तंतोतंत सारखे दिसले, तरच ते पुढे बदलले आहेत का ते विचारा.

या हिऱ्यांची ओढ का लागते, त्याचे उत्तर ‘पाणी’ या शब्दात आहे. हिऱ्याची पारदर्शकता आणि तेज मिळून जे दिसते त्याला आपण पाणी म्हणतो; पाणीदार डोळे तिथलेच. फारसीत पाणी म्हणजे आब, आणि आबदार मोती म्हणजे तेजस्वी मोती. ‘आब राखणे’ मधला आबही हाच. जुन्या काटात पैलू थोडे आणि मोठे असल्याने उजेड ठळक तुकड्यांनी येतो. मथाळे उंच असल्याने त्यात तांबडा, निळा, नारिंगी स्पष्ट फुटतो. आजचा यंत्रकाट ‘चमचमतो’, जुना ‘लकाकतो’. चमचम बारीक आणि सतत, लकाकणे थांबून थांबून, एकेका झोताने. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांच्या झोतात हा फरक झाकला जातो. घरी ट्यूबलाइट बंद करा, समई लावा आणि कुडी हळूच फिरवा.

कोंदणाबद्दल मात्र सावध राहा. ‘कोंदण’ आणि ‘कुंदन’ एकच. कुंदन म्हणजे शुद्ध मऊ सोने. त्याचे पातळ पत्रे खड्याभोवती दाबून बसवतात. बंद कोंदणात हिऱ्याखाली चकचकीत वर्ख असतो, त्याला डाक म्हणतात, आणि आत लाख भरलेली असते. अशी कुडी गरम पाण्यात, साबणात किंवा सराफांच्या कंपनाने दागिने धुणाऱ्या यंत्रात टाकली की पाणी आत शिरते, डाक काळी पडते, लाख सैल होते. मग ‘हिरा काळा पडला’ म्हणतात. हिरा जसाच्या तसा असतो, डाक गेलेली असते. जाणता कारागीर कोंदण उघडून ती बदलतो. पुसायला कोरडा मऊ कपडा पुरे. हिरा कठीण म्हणून तो घणाखालीही टिकतो ही समजूत सोडून द्या. ठरावीक दिशेने ठोका बसला तर तो चिरफळतो.

सोलापुरात आणखी एक शब्द ऐकू येईल. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बारीक हिऱ्याला ‘रव्व’ म्हणतात, आणि रव्व म्हणजे शिऱ्याचा रवाही. मराठीतही तसेच. तांदळाची कणी आणि हिऱ्याची कणी, म्हणून हिरकणी. दोन्ही भाषांनी हिऱ्याचे माप स्वयंपाकघरातून घेतले. कन्नड घरांत हिऱ्याला ‘वज्र’ म्हणतात. आपल्या वज्रटिकेत ते नाव आहे, पण दागिना सोन्याच्या मण्यांचा, हिरा त्यात नाही.

मोडीबद्दल सराफांचे म्हणणे बरोबर आहे. मोडीत वजन सोन्याचे धरतात, लाख आणि खडे वजा करतात, आणि हाताने पाडलेला हिरा नुसता ‘खडा’ म्हणून जातो. दुरुस्तीला देतानाही पावतीवर ‘7 खडे’ लिहून घेऊ नका. ‘हिरे 7, जुना काट, बंद कोंदण’ असे लिहवून घ्या, आणि देण्याआधी भिंगातून प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा.