थंड प्रदेशात मागच्या अंगणाला आडोसा म्हणून कुठली हेज लावावी?

हिवाळ्यातही आडोसा हवा असेल तर सदाहरितच घ्या, आणि त्यात माझं मत सरळ थुजाला (मोरपंखीच्या जातकुळीतलं सूचिपर्णी झाड), त्यातही 'एमराल्ड ग्रीन' या वाणाला, कारण ती उणे 30 सेल्सिअसला टिकते, 10-14 फूट वाढते आणि पसरते जेमतेम 3-4 फूट, म्हणजे अंगण खात नाही. दोन रोपांत 3 फूट ठेवा, आत्ता विरळ दिसेल पण दाटीनं अजिबात लावू नका.

खरा धोका नुसत्या थंडीचा नसतो बरं का! हिवाळ्याच्या शेवटी ऊन आणि वारा पानांतलं पाणी ओढतात, खाली जमीन गोठलेली त्यामुळे मुळं पाणी देऊ शकत नाहीत, मग वाऱ्याकडची बाजू तपकिरी पडते. म्हणून जमीन गोठेपर्यंत भरपूर पाणी देत राहा आणि बुंध्याशी लाकडाच्या भुशाचं किंवा सालीचं आच्छादन घाला, पण खोडाला चिकटवून नको. जड बर्फानं फांद्या फाकतात, तर आधीच दोरीनं सैलसर बांधून ठेवा.

हरणं येत असतील तर मात्र थुजा विसरा, हरणं तिचा फडशा पाडतात, तिथे स्प्रूस (हेही सदाहरित सूचिपर्णी झाड) लावा, जागा जास्त लागेल. फक्त उन्हाळ्यापुरता आडोसा चालणार असेल तर लायलॅक हे पानगळीचं फुलझुडूप मस्त, फुलांचा वासही मिळतो.

छाटणी करताना जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापू नका, थुजाला तिथून परत फुटवा येत नाही.