अण्णांच्या पेटीतली मनिऑर्डरची कुपनं

प्रश्न : नमस्कार ताई. आमचे अण्णा मागच्या पौषात गेले. आता वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची असं आम्हा भावंडांचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अण्णा पंधरा वर्षं मिल्ट्रीत होते, एकाहत्तरच्या लढाईत होते, नंतर बीडला बँकेत गार्ड. पण लढाईचं कधी एक अक्षर बोलले नाहीत, विचारलं की म्हणायचे, "झालं ते झालं, बैलाला पाणी दाव." आता काळ्या पत्र्याच्या पेटीत तीन मेडल, डिस्चार्ज बुक (त्यावर १ मराठा एल.आय. लिहिलंय) आणि आईनं जपलेली मनिऑर्डरची चाळीसेक कुपनं निघालीत. त्यावर नुसतं "शेळी विकू नका", "थोरलीला शाळेतून काढू नका" असलंच. भाऊ म्हणतो शूरवीर, रणझुंजार असं कायतरी लिही. मला तर सुचंनाच गेलंय.
— एक लेक, गेवराई तालुका

उत्तर : अहो, सुचंना काय, अर्धी पुस्तिका तर त्या पेटीतच आहे! शूरवीर बिरवीर बॅनरवर राहू द्या, तिथं नगरसेवकाच्या पुतण्यालापण तोच शब्द असतो.

आधी मेडल बघू. पाच टोकांचा तारा असेल तर 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचा) किंवा 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडीचा), म्हणजे कुठल्या आघाडीवर होते ते तिथंच कळलं. गोल मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंग लावून वाचा. संग्राम मेडल असेल तर त्याला शौर्यपदक लिहू नका, ते त्या काळात नोकरीवर असलेल्या बहुतेक फौजींना मिळालंय, गावात एखादा जुना फौजी असला की लगेच धरतो बघा. वीर चक्र, सेना मेडल हे वेगळं.

१ मराठा एल.आय. म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागं गेली आणि रस्ता अडवून बसली, १० तारखेच्या रात्री आतली पाकिस्तानी ३१ बलुच पलटण निसटायला निघाली ती थेट यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली, पहाटेपर्यंत चाललं ते. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. पण अण्णा त्या रात्री तिथंच होते असं अंदाजानं ठोकून देऊ नका. डिस्चार्ज बुकातल्या तारखा बघा, नाही उलगडलं तर नंबर घालून बेळगावला मराठा रेकॉर्ड्‌सला लिहा, बीडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाला मदत करतं. त्यांच्या पलटणीतलं कुणी आसपास हयात असेल तर आधी तिकडं जा, कागद कुठं पळत नाही.

आता कुपनं. मला विचाराल तर हेच खरं पुस्तक. तारीखवार लावा. धाडणाऱ्याच्या पत्त्यात ९९ ए.पी.ओ. (म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) असेल तर माणूस पूर्वेकडं होता, ५६ असेल तर बहुतेक काश्मीर-पंजाबकडं. मग १९७२ ची वेगळी काढा. त्या साली आपल्याकडं दुष्काळानं काय केलं ते आईला विचारा, खडी फोडायला गेल्या होत्या का, सुकडी खाल्ली का, मनिऑर्डर आल्यावर पहिलं काय आणलं. फौजी तिकडं होता आणि इकडं दावणीची शेळी राहते का जाते याचा घोर त्याला लागला होता, आणि कुपनावर जागा केवढी, तर दोन बोटं! त्या दोन बोटात त्यांनी शेळी आणि शाळा बसवली. (थोरली म्हणजे तुम्हीच का हो?) ते जसंच्या तसं छापा, शुद्धलेखन सुधारू नका.

माझे मामा पण फौजी, सुट्टीवर आले की गोधडीची घडी अशी घालायचे की चारी कोपरे एकावर एक, मामी चिडायची. असलं एखादं तुमच्याकडं पण असणार. बैलाला पाणी दाव हे तर लिहाच, कोणत्या आवाजात म्हणायचे त्यासकट.

कुपनांची शाई उडत चाललेली असणार, आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. आणि शेळीचं शेवटी काय झालं, विकली का राहिली, तेवढं आईला विचारून कळवा.