दगडी हत्यारांवरील ‘रेसिड्यू’ : अवशेष की अंश?

अश्मयुगीन दगडी हत्यारांना चिकटून राहिलेल्या रक्त, डिंक, पिष्टकण अशा पदार्थांना, म्हणजे ज्याला ‘रेसिड्यू’ म्हणतात त्याला, मराठीत ‘अवशेष’ म्हणावे की ‘अवशिष्ट’, असा प्रश्न आहे.

मला दोन्ही शब्द अडचणीचे वाटतात. पुरातत्त्वात हाडे, भिंती, खापरे या सगळ्यांना अवशेष म्हणतात आणि खुद्द हत्यार हाही अवशेषच असतो. त्यामुळे ‘दगडी हत्यारांचे अवशेष’ असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मोडक्या हत्यारांचे तुकडे येतात, धारेवरचा पदार्थ येत नाही. ‘अवशिष्ट’ हे विशेषण असून सोबत नाम मागते.

मी ‘अंश’ सुचवेन. द्राक्षबागायतदार कीडनाशकांचे ‘उर्वरित अंश’ म्हणतात, तेव्हा त्यांनाही प्रयोगशाळेतच कळणारी अत्यल्प मात्रा अभिप्रेत असते.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या सिबुडू या शैलाश्रयात (कड्याखालच्या गुहेसारख्या आसऱ्यात) ६० हजार वर्षांहून जुनी, अर्धचंद्राकृती दगडी पाती मिळाली आहेत. पुरातत्त्वज्ञ मार्लीझ लोम्बार्ड यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा गेरू आणि वनस्पतिजन्य चिकट द्रव्य मुद्दाम बोथट केलेल्या पाठीच्या कडेवर दाटलेले आढळले, आणि त्यावरून ती कड दांड्यात बसवलेली होती हे कळले. नुसत्या डिंकापेक्षा गेरूची पूड मिसळलेल्या डिंकाने जोड अधिक टिकतो, हे पुरातत्त्वज्ञ लिन वॅडली यांनी प्रयोगांतून दाखवले. येथे शब्दांतला भेद पाळायलाच हवा : त्या माणसांनी कालवले ते लुकण, आणि आज पात्यावर उरले आहेत ते त्या लुकणाचे अंश. दोहोंना सरसकट ‘अवशेष’ म्हटले, तर त्यांचे कसब आणि काळाने मागे ठेवलेली खूण यांतला फरकच पुसला जातो.

त्याच ठिकाणच्या सुमारे ४९ हजार वर्षांपूर्वीच्या एका दगडी छिलक्याच्या (ठोकून काढलेल्या पातळ तुकड्याच्या) कडेवर गेरू आणि दूध यांचे मिश्रण आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भागात गुरे पाळली जाऊ लागली ती फार नंतर, तेव्हा ते दूध शिकारीत मिळालेल्या रानजनावराचे असावे, असा संशोधकांचा कयास आहे. ‘दुधाचा अंश’ हा प्रयोग मराठीत आधीपासूनच आहे. ‘दुधाचे अवशेष’ मात्र कानाला खटकते.

विभक्तीकडेही लक्ष द्यावे : ‘हत्यारांचे अंश’ असे न लिहिता ‘हत्यारांवरील अंश’ लिहावे, आणि या तपासणीच्या शास्त्राला ‘अंशविश्लेषण’ म्हणावे.