लाकडाची बारीक धूळ खोलीभर बसते, काय करू?

तुम्ही म्हणता की सँडरला (लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राला) व्हॅक्यूम जोडूनही संध्याकाळी सगळीकडे पांढरट थर दिसतो. आधी व्हॅक्यूमचा फिल्टर बघा. साधा फिल्टर भुसा अडवतो, पण अगदी बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर बसवा, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो. मात्र तो लवकर तुंबतो, म्हणून व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन, म्हणजे भुसा वेगळा करणारं भांडं, लावा. हवा गरगर फिरते, जड भुसा खालच्या डब्यात पडतो आणि ओढ टिकून राहते.

सँडपेपरची भोकं सँडरच्या धूळ ओढणाऱ्या भोकांवर नीट जुळलीत ना, हेही तपासा. माझी कितीतरी दिवस अर्धवट झाकलेली होती. जुळवली आणि लाकडावर हात फिरवला, तर बोटांना जवळजवळ काहीच लागलं नाही!

मास्क मात्र सोडू नका, एन-९५ किंवा त्याहून चांगला. काम थांबल्यावर लगेच काढूही नका, कारण बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवलं. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू चिकटवून, दाबून केलेला बोर्ड) घासताना तर जास्तच जपा.

आणि कोरडा झाडू किंवा ब्लोअर नको. ओल्या फडक्याने पुसा. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा आणि समोरचं दार उघडं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.