फुलीच्या जागी सही करण्यापूर्वी

पत्र : वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या धर्मादाय ट्रस्टवर दोन भावांबरोबर माझेही नाव लागले, त्याला सहा वर्षे झाली. माझ्याकडे कागद येतात ते सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारूनच. दरवर्षी कुठेतरी इमारत उभी राहते आणि तिच्यावर वडिलांच्या नावाची पाटी लागते. घरकामगार स्त्रियांच्या एका संघटनेला मदत करावी, असे मी सुचवले तेव्हा थोरला भाऊ हसून म्हणाला, "तुझी हौस पुरवू, रक्कम सांग." राजीनामा देऊन स्वतःच्या वाट्यातून वेगळे काम सुरू करू का? – एक विश्वस्त

उत्तर : प्रिय भगिनी,

'हौस' हा शब्द तुम्हाला लागला आणि तो लागावा असाच आहे. मला मात्र त्याहून ती पेन्सिलीची फुली अधिक खटकली. विश्वस्त म्हणून तुमच्या सहीची जबाबदारी भावांइतकीच आहे, आणि उद्या एखाद्या खर्चावर प्रश्न निघाला तर 'मला वाचायला दिले नव्हते' हे उत्तर सहसा कोणी ऐकून घेत नाही. तेव्हा राजीनाम्याचे नंतर पाहू. आधी ट्रस्टचा मूळ दस्तऐवज, गेल्या सहा वर्षांचे ताळेबंद आणि बैठकांची इतिवृत्ते लेखी मागवून घ्या, आणि उद्देशांचे कलम शब्दन्‌शब्द वाचा. तेथे 'गरजूंना साहाय्य' असे काही व्यापक लिहिलेले असेल, तर इमारतींचा आग्रह वडिलांचा नसून मागाहून पडलेल्या पायंड्याचा आहे, हे तुम्हाला कागदावर बोट ठेवून दाखवता येईल. उद्देशच अरुंद असेल, तर आपल्या वाट्यातून वेगळे काम करणे हाच सरळ मार्ग. पण त्यासाठीही विश्वस्तपद सोडण्याचे कारण नाही.

'पैसा वडिलांचा, मी कोण ठरवणार' हा संकोच तुमच्या पत्रात न लिहिताही दिसतो. अमेरिकेतील ऑलिव्हिया सेज यांचे उदाहरण पाहा. कंजूष म्हणून ख्याती असलेले त्यांचे धनाढ्य पती १९०६ मध्ये वारले, तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी १ कोटी डॉलर देऊन एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या पैशातून पिट्सबर्गच्या कामगारांच्या राहणीमानाची आणि कामावरील अपघातांची तपशीलवार पाहणी झाली. प्रतिष्ठानाला नाव त्यांनी पतीचेच दिले होते. तेव्हा पाटीवरून भांडू नका. वडिलांचे नाव राहू द्या, त्या नावाखाली काय घडते ते तुमच्या हाती येऊ द्या.

एक गोष्ट मात्र थोडी परखडपणे सांगते. त्या संघटनेला काय हवे, हे तुम्ही तिच्या कार्यकर्त्यांना विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. भाऊ इमारती ठरवतात, तुम्ही संघटना ठरवणार. घेणाऱ्याला दोन्हीकडे गप्पच बसावे लागणार असेल, तर फरक तो काय? ऑस्ट्रियाच्या मार्लेने एंगेलहॉर्न यांनी आजीकडून आलेल्या वारशातील २.५ कोटी युरो कोणाला द्यायचे, हा निर्णय २०२४ मध्ये ५० सामान्य नागरिकांच्या मंडळावर सोपवला आणि त्या मंडळाने ती रक्कम ७७ संस्थांमध्ये वाटली. इतके टोकाला जा असे मी म्हणत नाही, पण संघटनेच्या बैठकीला एकदा मागच्या रांगेत बसून या. बहुधा असे दिसेल की त्यांना शिलाई यंत्रे नकोत. हवा आहे तो कार्यालयाच्या भाड्याचा आणि पूर्णवेळ कार्यकर्तीच्या पगाराचा भरवसा, आणि तोही एका वर्षापुरता नव्हे. अशा खर्चाला पाटी लावता येत नाही, म्हणूनच तो करायला देणगीदार सहसा मिळत नाहीत.

राहिला भाऊ. त्याने 'रक्कम सांग' म्हटले आहे, तर ती सांगाच. मात्र जेवणाच्या टेबलावर नव्हे. तीन वर्षांचा लेखी प्रस्ताव बैठकीच्या आठ दिवस आधी दोघांनाही पाठवा, तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि होकार असो वा नकार, त्याची कारणांसह नोंद इतिवृत्तात झाली आहे हे पाहून मगच सही करा. धाकट्या भावाविषयी तुम्ही एक अक्षरही लिहिलेले नाही. तिघांच्या मंडळात त्याचे मत कोणाकडे झुकते, हे बैठकीपूर्वी त्याला एकट्याला भेटून विचारून ठेवा.